बीज कोणाचे, क्षेत्र कोणाचे?

युनियनच्या कचेरीत पगाराच्या आणि बडतर्फीच्याच तक्रारी येतात असे नाही. काही वर्षांपूर्वी एक कामगार पतपेढीच्या कर्जासाठी आमची शिफारस मागावयास आला. कारण विचारता म्हणाला, "दुसरे लग्न करायचे आहे. पहिलीला तिन्ही मुलीच झाल्या. बियाणे चांगले आहे हो, जमीनच तशी!" कायद्याचा धाक घालून आम्ही त्याला परत पाठविले, पण समजूत घालता आली नाही, कारण आमच्यापाशीच उत्तर नव्हते. ते शोधावे म्हणून आम्ही वाचू लागलो, आणि हाती लागली ती मोठी मौजेची हकीकत. तीच आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

त्या कामगाराची समजूत त्याची एकट्याची नव्हती. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हटले आहे. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलचेही मत असेच होते, की घडण पित्याची, माती तेवढी मातेची. 1677 साली हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगांतून शुक्रजंतू पाहिले. पण ते पाहूनही त्याने जुनाच निवाडा दिला : जीव तो हाच, मातेच्या उदरात त्याचे केवळ पोषण होते. नवे भिंग हाती आले म्हणून जुनी समजूत सुटतेच असे नाही!

या समजुतीला पहिला जबर धक्का दिला तो माव्याने. ज्वारीवर, वालावर पडणारा हा मावा आपल्या शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे. 1740 च्या मे महिन्यात जिनिव्हाच्या शार्ल बॉने या वीस वर्षांच्या तरुणाने नुकतीच जन्मलेली माव्याची एक मादी एका डहाळीवर काचेखाली एकटी ठेवली आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत तिच्यावर पाळत ठेविली. नर तिच्या वाऱ्यालाही आला नाही. तरीही जूनमध्ये तिने 95 पिल्ले दिली. बीज नाही, आणि पीक मात्र उदंड!

त्याच साली हॉलंडमध्ये खाजगी शिक्षकाची नोकरी करणाऱ्या आब्राम त्रांब्ले याला डबक्याच्या पाण्यात हायड्रा सापडला. ही वनस्पती की प्राणी, हे ठरविण्यासाठी त्याने त्याचे दोन तुकडे केले. दोन्ही तुकड्यांचे दोन पुरते हायड्रा झाले, तेही चालणारे आणि भक्ष्य पकडणारे! पुढे त्याने पाहिले, की एरवीही हायड्राच्या अंगावर अंकुर फुटून त्याचे पिल्लू होते. येथे नरही नको आणि मादीही नको. पुढे 1845 साली सायलीशियातील योहान झीरझोन या मधमाश्या पाळणाऱ्या धर्मगुरूने जाहीर केले, की पोळ्यातील नरमाश्या फलन न झालेल्या अंड्यांतून जन्मतात. पुरुषबीजाचा एवढा डौल, आणि नरमाशीला बापच नाही!

मग नर हवा तरी कशाला? थंड देशांत शरद ऋतू आला म्हणजे माव्यात नर निपजतात आणि मीलनानंतर माद्या अंडी घालतात. ती हिवाळा काढतात. हायड्राही बहुधा थंडी किंवा उपासमार आली म्हणजे लैंगिक मार्ग धरतो. सुबत्तेत एकाच साच्याची संतती झपाट्याने वाढविणे सोयीचे. दिवस पालटले की दोघांच्या मिश्रणातून निघालेली निरनिराळ्या गुणांची संतती कामी येते.

या मिश्रणात वाटा कोणाचा किती? 1876 साली ऑस्कार हेर्टविग याने समुद्रातील अर्चिन नावाच्या काटेरी प्राण्याच्या अंड्यात शुक्रजंतूचे केंद्र आणि अंड्याचे केंद्र एकमेकांत मिसळताना पाहिले. म्हणजे बीज दोघांचेही. स्त्री हे नुसते शेत नव्हे.

राहिला मुलगा-मुलीचा प्रश्न. तो सोडविला अमेरिकेतील नेटी स्टीव्हन्स हिने. ही एका सुताराची मुलगी. शाळेत शिकवून पैसे साठविले आणि पस्तिसाव्या वर्षी विद्यापीठात गेली. 1905 साली पिठात होणाऱ्या एका किड्याच्या पेशी तपासता तिला आढळले, की मादीत 20 मोठी गुणसूत्रे असतात आणि नरात 19 मोठी व 1 लहान. ते लहान गुणसूत्र ज्या शुक्रजंतूत असते, त्याचा नर होतो. नसते, त्याची मादी. त्याच साली विल्सन हा शास्त्रज्ञही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आला. माणसाचीही रीत हीच. अंडे दर वेळी एकाच प्रकारचे असते. फरक पडतो तो पित्याकडून.

हे कळल्यावर आम्ही पाळी सुटण्याच्या वेळी त्या कामगाराला गाठले आणि सारे समजावून सांगितले. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे दोष माझा?"

आम्ही म्हणालो, "नाही. मुलगी होणे हा दोषच नव्हे."