खाडीचा रंग आणि छायाचित्राची चौकट

शरद ऋतूचे छायाचित्र म्हटले की डोळ्यांपुढे येतात ती लाल-पिवळी पाने. ही सवय आपल्याला परदेशी कॅलेंडरांनी, रंगीत मासिकांनी आणि फिल्मच्या जाहिरातींनी लावली. मुंबईचा आश्विन या सवयीत बसत नाही. तेव्हा इथे 'ऑक्टोबर हीट' असते, वड-पिंपळ अजून पावसाळी हिरवाई टिकवून असतात आणि आपली खरी पानगळ होते ती शिशिरात, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'तला शरदही पानांच्या लालीचा नाही. तो काशाच्या फुलांचा, चांदण्याचा आणि हंसांचा, म्हणजे पांढरा आहे. मग मुंबईच्या पूर्व कडेला, मानखुर्दला, शरदाचा रंग कॅमेऱ्याने शोधायचा तरी कशात?

तो खाडीत शोधावा लागतो. पाऊस सरला की ठाणे खाडीतले गोडे पाणी ओसरते, खारटपणा चढू लागतो, काठावरची मांसल पानांची खुरटी झाडे लालसर होतात. उत्तरेकडचे पाहुणे पक्षी, पाणटिवळे, तुतवार, कुरव, चिखलावर उतरू लागतात. आणि शरद सरता सरता, अलीकडे तर बरेचदा हेमंत लागल्यावर, रोहित येतात. रोहित म्हणजे अग्निपंख, सगळ्यांच्या तोंडी असलेला फ्लेमिंगो. थंड प्रदेशांत पानातले हरितद्रव्य विरले की आधीपासून दडलेली कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये उघडी पडतात आणि पान पिवळे-नारिंगी दिसते. रोहिताच्या पिसांतला गुलाबी रंग याच कुळातला. तो पक्षी स्वतः तयार करत नाही. शेवाळ आणि सूक्ष्म जीवांतून तो त्याच्या पोटात जातो आणि पिसांत उतरतो. तेव्हा शरदाच्या पानांचा रंग मानखुर्दला पंखांवरून येतो, असे म्हटले तर ती नुसती अलंकारिक भाषा ठरणार नाही.

हा रंग कॅमेऱ्यात यायला मात्र फार वर्षे लागली. मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली 1854 मध्ये. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे व्यावसायिक छायाचित्रकार झाले. पण त्या काळच्या ओल्या काचांना काही सेकंद निश्चल बसणारा विषय लागे. माणसे, लेणी आणि इमारती बसत. पक्षी कसला बसतो!

तीस वर्षांनी, 1883 मध्ये, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी डॉक्टर होते, हे आपल्याकडे फारसे आठवले जात नाही. सोसायटीचे नियतकालिक 1886 मध्ये सुरू झाले. पण पक्ष्याचा पुरावा म्हणजे त्याचे पेंढा भरलेले कातडे, आणि ते मिळवायचे साधन बंदूक. रंग दाखवायचा तर चित्रकाराचा कुंचला. सालिम अली यांच्या 1941 च्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स'ची लोकप्रियता रंगवलेल्या चित्रांवरच उभी राहिली.

बंदुकीची जागा कॅमेरा घेऊ लागला तो हळूहळू, आणि बऱ्याचदा त्याच हातांत. संयुक्त प्रांतात वनखात्यात असलेल्या एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी जनावराच्याच पावलाने कळ दाबली जाईल अशी तार लावून वाघांची रात्रीची छायाचित्रे घेतली. त्यांचे पुस्तक 1927 चे. पक्ष्यांच्या बाबतीत मुंबईला एक अनपेक्षित माणूस मिळाला. सिंगापूरचे धनिक लोक वान थो युद्धामुळे 1942 मध्ये परागंदा होऊन भारतात आले, सालिम अलींच्या संगतीत पडले आणि आडोशात तासन्‌तास बसून पक्षी टिपू लागले. सालिम अलींनी 1945 च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणातली रोहितांची वसाहत पाहिली तेव्हा लाखाहून अधिक घरटी मोजली. त्या वसाहतीची वार्ता कच्छचे महाराव खेंगारजी यांनी 1893 मध्येच दिली होती. पण कृष्णधवल फिल्मवर रोहित म्हणजे लांब पायांचा एक पांढरा पक्षी. रंगीत फिल्म आयात करावी लागे आणि ती महाग. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' ही देशी फिल्म हौशी माणसाच्या आवाक्यात होती, ती कृष्णधवलच. छत्तीस चित्रांच्या रोलमधली किती चिखलावर खर्चायची, हा हिशेब प्रत्येकाला करावा लागे.

आणि मानखुर्दचा चिखल त्या हिशेबात येण्यासारखा नव्हता. खाडी, तिवरांची झुडपे, मिठागरे, तुर्भ्याची टेकडी आणि कोळीवाडा अशी ही कडा. शहराने तिच्याकडे पाठ केली आणि नको ते इकडे लोटले. शेजारच्या देवनारला कचरा टाकायला 1927 मध्ये सुरुवात झाली. पुढे तुर्भ्याच्या टेकडीमागे अणुऊर्जेचे केंद्र आले. भारताची पहिली अणुभट्टी 'अप्सरा' 1956 च्या ऑगस्टमध्ये तिथे सुरू झाली आणि तो सगळा पट्टा कॅमेऱ्याला बंद झाला. 1971 मध्ये देवनारला कत्तलखाना आला. मंडाळ्यात भंगाराचा बाजार वाढला, शहरातून उठवलेली माणसे इथे येऊन वसली. 1973 मध्ये वाशीचा पूल झाला, 1992 मध्ये रेल्वेही खाडी ओलांडून गेली. रोज लाखो माणसे डब्याच्या दारातून ही खाडी पाहू लागली. पाहू लागली म्हणजे तोंडावर रुमाल धरून ओलांडू लागली.

रोहित मोठ्या संख्येने शिवडीच्या चिखलावर दिसू लागले ते साधारण याच दशकात. ते आलेच का, याचे अभ्यासक देतात ते उत्तर छायाचित्रकारांना अडचणीचे आहे. शहराचे सांडपाणी खाडीत येते, त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजते आणि त्या शेवाळावर धाकटा रोहित जगतो. म्हणजे ज्या रंगासाठी माणूस पहाटे तिपाई खांद्यावर टाकून निघतो, त्या रंगाचा बराचसा उगम गटारात आहे. मला यात विरोधाभासापेक्षा एक साधा हिशेब दिसतो, आणि तो चित्रात कुठेच दिसत नाही याचे नवल वाटते.

कारण चौकट कशी कापायची हे आता सगळ्यांना ठाऊक झाले आहे. मानखुर्द खाडीच्या पश्चिम तीरावर. त्यामुळे सकाळी ऊन समोरून येते आणि पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात. रंग हवा तर दुपार कलल्यावर, ऊन पाठीशी घेऊन. भरतीचे पाणी चढू लागले की थवे काठाकडे सरकतात. पूर्ण ओहोटीत ते दूर चिखलात ठिपक्यांएवढे. म्हणून हौशी मंडळी पंचांगाआधी भरतीचे वेळापत्रक बघतात. पुढे लांब पल्ल्याची भिंग काम करते. तिच्यात मागचे मनोरे आणि विजेच्या तारा धूसर होतात, प्लास्टिक चौकटीच्या खाली राहते, आणि उरते गुलाबी रांग व तिचे प्रतिबिंब. डिजिटल कॅमेऱ्याने रोलचा हिशेबही संपवला.

या कापलेल्या चित्रांना नुसती नावे ठेवण्यात अर्थ नाही. न्यायालयात लढले ते कायद्याच्या कलमांवर: बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये खारफुटी तोडायला मनाई केली, 2018 मध्ये अंतिम निकाल दिला. मधल्या काळात, 2012 मध्ये, वनखात्याचा कांदळवन कक्ष उभा राहिला, आणि 2015 च्या ऑगस्टमध्ये ऐरोली ते वाशी या दोन पुलांमधले सुमारे 1,690 हेक्टर क्षेत्र ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ठरले. 2022 मध्ये खाडी रामसर यादीत गेली. यात किती काम निरीक्षकांच्या नोंदींचे आणि किती चित्रांचे, हे तोलून सांगता येणार नाही. पण अभयारण्याला नाव कोणाचे मिळाले ते पाहा. चिखल धरून ठेवणाऱ्या तिवराचे नाही, निवट्यांचे नाही, खाडीवर पोट असलेल्या कोळ्यांच्या जिताड्याचे तर नाहीच. जो चित्रात सर्वांत चांगला दिसतो त्याचे.

या अभयारण्याची दक्षिण हद्द वाशीच्या पुलाशी, म्हणजे मानखुर्दच्या दाराशी संपते. पक्ष्यांना ही रेघ कळत नाही. भरतीला चिखल बुडाला की ते विसाव्यासाठी पाणथळी शोधतात, आणि त्यातल्या नवी मुंबईकडच्या बऱ्याच जागा अभयारण्याबाहेर आहेत. टाळेबंदीत, 2020 च्या उन्हाळ्यात, नेरूळजवळच्या अशाच पाणथळीची गुलाबी चित्रे जगभर फिरली. माणूस घरात बसला म्हणून निसर्ग परतला, असा त्यांचा अर्थ लावला गेला. थवे आधीपासून होते, माणसे खिडकीशी आली ती नवीन. आणि सांडपाणी टाळेबंदीतही वाहतच होते.

चौकटीबाहेरची चित्रेही आहेतच. 2016 च्या जानेवारीत देवनारचा कचरा पेटला. त्या धुराचा लोट नासाच्या उपग्रहाने अंतराळातून टिपला. खाडीकाठच्या या भागाचे इतके दूरवरून घेतलेले आणि तरीही इतके खरे चित्र दुसरे आठवत नाही. 2024 च्या मे महिन्यात एका रात्री उतरणाऱ्या प्रवासी विमानाला थवा धडकला आणि घाटकोपरमध्ये वस्तीवर तीसहून अधिक रोहित मरून पडले. ती चित्रे मोबाइलवर काढलेली, दिव्याच्या उजेडात, रस्त्यावरची. त्यांत पंखाखालचा गडद लाल रंग स्पष्ट दिसतो.

आणखी एक पक्षी बहुतेक चौकटींतून सुटतो. थव्यात राखाडी-मळकट पिल्ले असतात. पिसांत रंग उतरायला त्यांना काही वर्षे लागतात, म्हणून छायाचित्रकार त्यांना टाळतो किंवा चित्र कापताना बाजूला काढतो. पण थव्यात राखाडी किती आणि गुलाबी किती यावरूनच आदल्या मोसमात वीण कशी झाली याचा अंदाज बांधता येतो. रणात पाणी टिकले का, घरटी बसली का, ते त्यावरून कळते. यंदाच्या थव्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांनी एखादे तरी न कापलेले, थव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचे चित्र तारखेसह जपून ठेवावे. त्यात राखाडी पक्षी मोजता येतील.