विंचू उतरला, तरी मूल गेले

* ‘मांत्रिकाने विंचू उतरवला, कळ थांबली, पण पहाटे मूल गेले’ : लेखिकेच्या या आठवणीत विसंगती नाही. कोकणातल्या लाल विंचवाचे विष अंगभर भिनलेल्या रुग्णांना दंशाच्या जागी पुष्कळदा फारशी कळ नसते. त्यामुळे विष उतरले, असे घरच्यांना मनापासून वाटे. हे विष मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाटा वेळेवर मिटू देत नाही. तंतू चेतलेलेच राहतात आणि ॲड्रिनॅलिन, नॉरॲड्रिनॅलिन रक्तात भरमसाट उतरते. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही पहिली लक्षणे. पुढे रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. मृत्यू येतो तो यामुळे.

महाड परिसरात १९७०च्या दशकापासून काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण उशाशी बसून तपासले, लक्षणांचा क्रम टिपला आणि उच्च रक्तदाबावरचे प्राझोसिन त्यांना देऊन पाहिले. हे औषध आवळलेल्या वाहिन्या सैल करते. त्यांची निरीक्षणे १९८२ व १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. या उपचाराने असंख्य मुले वाचली.

प्रस्तुत प्रसंग त्याआधीचा आहे. त्या रात्री डॉक्टर भेटला असता, तरी हा उपाय त्याच्या हाती नव्हता. म्हणून त्या आईला दोष देऊ नये. आज मात्र कळ थांबली तरी थांबू नये, मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. — संपा.