लाइप्झिगचा तो सोमवार

श्रोतेहो, शाळामास्तराच्या तोंडून वर्गांत एखादें चुकीचें विधान गेलें, तर तें पुढें वर्षानुवर्षें मनांत सलत राहतें. माझेंही तसेंच झालें आहे. १९८९ च्या जून महिन्यांत चीनच्या राजधानींतील विद्यार्थ्यांची चळवळ रणगाड्यांनीं व बंदुकांनीं चिरडली गेली. त्या वेळीं मीं सातवीच्या मुलांना मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें कीं, सैन्य, पोलीस, कारखाने व वृत्तपत्रें मुठींत घेऊन चाळीस वर्षें बसलेलें समाजवादी सरकार रस्त्यावरच्या गर्दीनें कधींही हलत नाहीं. दिवाळीची सुटी संपून शाळा भरते, तोंच बर्लिनची भिंत उघडल्याची वार्ता आली. मागच्या बाकावरून एका मुलानें विचारलें, "गुरुजी, मग हें कसें झालें?" मी कांहीं विद्वान नव्हे, मॅट्रिक झालेला एक मास्तर. त्या दिवशीं मीं दिलेलें उत्तर अपुरें होतें. तें आज पुरें करण्याची माझी इच्छा आहे.

पूर्व जर्मनीच्या जनतेनें हा प्रयत्न पूर्वीं एकदां केला होता. १९५३ सालीं सरकारनें मजुरांच्या नेमून दिलेल्या कामांत दहा टक्क्यांची वाढ केली. १६ जून रोजीं पूर्व बर्लिनमधील बांधकामावरचे मजूर काम टाकून निघाले; दुसऱ्या दिवशीं सातशेंहून अधिक ठिकाणीं संप व मिरवणुका झाल्या. त्याच दिवशीं सोव्हिएट रणगाडे रस्त्यांवर आले. निदान पंचावन्न माणसें प्राणांस मुकलीं आणि तें सरकार आणखी छत्तीस वर्षें टिकलें. त्या लोकांत धैर्य नव्हतें असें कोण म्हणेल? संख्याही थोडी नव्हती. मग उणें काय होतें?

ह्याचें उत्तर लाइप्झिग शहरांत सांपडतें. तेथील सेंट निकोलस चर्चमध्यें १९८२ पासून दर सोमवारीं शांततेसाठीं प्रार्थना होत असे. १९८९ च्या मे महिन्यांत स्थानिक निवडणुका झाल्या आणि सरकारी यादीला ९८.८५ टक्के मतें पडल्याचें जाहीर झालें. कांहीं मतदानकेंद्रांवर नागरिकांनीं स्वतः उभें राहून मोजणी पाहिली होती. त्यांना हा आंकडा खोटा असल्याचें कळून चुकलें. ११ सप्टेंबरला हंगेरीनें आपली सीमा पूर्व जर्मन लोकांना मोकळी केली, आणि हजारों तरुण देश सोडून जाऊं लागले. जे मागें राहिले, ते सोमवारच्या प्रार्थनेनंतर रस्त्यावर उतरूं लागले.

९ ऑक्टोबरचा सोमवार हा कसोटीचा दिवस होता. पोलीस, सैनिक व कारखान्यांतील सशस्त्र पथकें मिळून सुमारें आठ हजार माणसें शहरांत आणून ठेवलीं होतीं. प्रसंगीं शस्त्र हातीं घेऊं, असें एका पथकप्रमुखाचें पत्र तीनच दिवसांपूर्वीं तेथील वृत्तपत्रांत छापून आलें होतें. तरीही संध्याकाळीं सुमारें सत्तर हजार लोक चालूं लागले. "हिंसा नको" आणि "आम्हीच जनता" ह्या त्यांच्या घोषणा होत्या. त्याच वेळीं शहरांतील ध्वनिवर्धकांवरून शांततेचें एक आवाहन ऐकूं आलें. वाद्यवृंदाचे विख्यात संचालक कुर्ट माझूर तें वाचीत होते. त्यावर सह्या करणाऱ्या सहा जणांत एक धर्मशास्त्रज्ञ व एक विनोदी नट होते. आणि उरलेले तिघे सत्ताधारी पक्षाचेच जिल्हा-चिटणीस होते! स्थानिक अधिकाऱ्यानें बर्लिनला हुकूम विचारला. वेळेवर उत्तर आलें नाहीं. त्यानें पोलिसांना मागें सरण्यास सांगितलें. एकही गोळी सुटली नाहीं.

श्रोतेहो, १९५३ आणि १९८९ ह्यांतील भेद येथें दिसतो. सोव्हिएट सैन्य पूर्व जर्मनींत तेव्हांही होतें. साडेतीन लाखांच्या आसपास शिपाई देशांत तळ देऊन होते. परंतु गोर्बाचेव्ह ह्यांच्या मॉस्कोनें ह्या वेळीं त्यांना छावण्यांतून बाहेर काढलें नाहीं. खुद्द पक्षांत फूट पडली. आणि गर्दीनें दगड न उचलल्यामुळें गोळी झाडण्यास निमित्त उरलें नाहीं. पहिल्या दोन गोष्टी मोर्चेकऱ्यांच्या हातीं नव्हत्या. तिसरी मात्र सर्वस्वीं त्यांची होती. १८ ऑक्टोबरला होनेकर पायउतार झाले, ९ नोव्हेंबरला भिंत उघडली, आणि १८ मार्च १९९० रोजीं झालेल्या मोकळ्या निवडणुकींत जुन्या पक्षाच्या वारसास अवघीं १६.४ टक्के मतें मिळालीं.

म्हणून ह्या उदाहरणावरून उलट टोकाचा सिद्धांतही काढूं नये. व्हेनेझुएलांत २०१७ सालीं एप्रिलपासून जुलैपर्यंत प्रचंड निदर्शनें झालीं, शंभरांहून अधिक माणसें मेलीं. पण सैन्य सरकारच्या पाठीशीं राहिलें आणि त्या निदर्शनांनीं सरकार पडलें नाहीं. शस्त्र धरणारा हात कचरेल कीं नाहीं, हें आधीं कोणासच सांगतां येत नाहीं.

तो मुलगा आतां पन्नाशीला आला असेल. त्याला मी एवढेंच सांगेन: बाळ, शेवट ठाऊक असल्यामुळें इतिहास शिकविणारा सहज निवाडा देऊन मोकळा होतो. लाइप्झिगच्या त्या सत्तर हजारांना घरून निघतांना शेवट ठाऊक नव्हता. चार महिन्यांपूर्वीं चीनमध्यें काय घडलें, हें मात्र त्यांना पुरतें ठाऊक होतें. आणि तरी ते निघाले.