क्विस्लिंग

क्विस्लिंग : देश परक्यांच्या ताब्यात गेला असता आक्रमकाशी हातमिळवणी करून त्याच्या वतीने स्वकीयांवर सत्ता गाजवणारा देशद्रोही, या अर्थाचे इंग्रजी सामान्यनाम. नॉर्वेचा राजकारणी विद्कुन क्विस्लिंग (१८ जुलै १८८७–२४ ऑक्टोबर १९४५) याच्या आडनावावरून ते रूढ झाले. हे आडनाव सतराव्या शतकातील एका पूर्वजाने डेन्मार्कमधील क्विस्लेमार्क या गावाच्या नावाला लॅटिन वळण देऊन घेतले होते.

विद्कुन हा बुद्धिमान लष्करी अधिकारी होता. युक्रेनमधील दुष्काळात त्याने फ्रित्यॉफ नान्सेन यांच्या हाताखाली मदतकार्य केले. १९३१–३३ मध्ये तो संरक्षणमंत्री होता. १९३३ मध्ये त्याने ‘नाशुनाल सामलिंग’ हा फॅसिस्ट पक्ष काढला. त्याला संसदेत एकही जागा कधी मिळाली नाही. जनतेने नाकारलेल्या या माणसाने डिसेंबर १९३९ मध्ये बर्लिनला जाऊन हिटलरची भेट घेतली.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले. त्या दिवशी पहाटे ऑस्कार्सबोर्ग किल्ल्यावरील मारगिरीने ‘ब्ल्युशर’ ही जर्मन युद्धनौका ऑस्लोच्या खाडीत बुडवली. तेवढ्या अवधीत राजा सातवा हाकोन, मंत्रिमंडळ व संसद सदस्य राजधानीतून निसटले. त्याच संध्याकाळी क्विस्लिंगने नभोवाणीवरून आपण पंतप्रधान झाल्याचे जाहीर केले आणि प्रतिकार थांबवण्याचा हुकूम सोडला. देशाचे सैनिक लढत असताना दिलेला हा हुकूम त्याच्या सर्व अपराधांचे मूळ होय. त्याला नेमण्यास राजाने ठाम नकार दिला. आठवड्याच्या आत जर्मनांनीही त्याला दूर सारले.

शब्द मात्र तोवर जन्मला होता. १९ एप्रिल रोजी लंडनच्या ‘द टाइम्स’ने अग्रलेखाच्या मथळ्यातच हे नाव अनेकवचनात वापरले. जून १९४१ मध्ये चर्चिल यांनी भाषणात या शब्दाचा उच्चार केला आणि तो जगभर पोहोचला. इंग्रजीत त्यावरून एक क्रियापदही तयार झाले.

१ फेब्रुवारी १९४२ रोजी जर्मनांनी क्विस्लिंगला पुन्हा सत्तेवर बसवले. शिक्षकांना पक्षाच्या संघटनेत कोंबण्याचा त्याचा डाव हजारो शिक्षकांनी लेखी नकार देऊन उधळला. सुमारे १,१०० जणांनी त्यापायी अटक सोसली. याच राजवटीत नॉर्वेच्या पोलिसांनी ज्यूंना घरांतून उचलले. २६ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘डोनाउ’ जहाजातून ५३२ जणांना ऑस्लोहून पाठवण्यात आले. ते आउश्वित्झला पोहोचले आणि त्यांतील फारच थोडे परतले. मुक्तीनंतर क्विस्लिंगवर खटला चालला आणि ऑस्लोच्या आकेर्शहुस किल्ल्यात त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

पक्षांतर करणारा वा मित्राचा विश्वासघात करणारा यांनाही आज हा शब्द सर्रास लावतात. तो वापर सैल आहे. परकी सत्ता, तिने व्यापलेला देश आणि तिच्या बळावर मिळवलेले पद, ही तिन्ही असतील तेथेच तो नेमका लागू पडतो.