क्रीडा-पिस्तूल : हस्तबांधणी व पृष्ठलेपन

कारखान्यातून तयार आलेले अर्धस्वयंचलित पिस्तूल एका विशिष्ट नेमबाजाच्या हाताला बसावे म्हणून त्याची मूठ घासणे, भरणे, पुन्हा घडवणे, तसेच धातूच्या भागांवरचा झिजलेला रंग किंवा लेप नव्याने चढवणे, अशा दोन प्रकारच्या कामांना मिळून हस्तबांधणी व पृष्ठलेपन म्हणता येते. काही पाश्चात्त्य देशांत घरच्या वर्कशॉपमध्ये अख्खे पिस्तूल उघडून ते नव्याने घडवण्याचा छंद बराच रुजलेला आहे. भारतात कायद्याने त्याला वाव नाही. महाराष्ट्रात हे काम खऱ्या अर्थाने चालते ते क्रीडा नेमबाजीत, आणि तेही मुख्यतः मुठीच्या लाकडावर. खेळाडूला खरी गरजही मुठीचीच असते. चकचकीत स्लाईडने गुण वाढत नाहीत, हाताला बसलेल्या मुठीने वाढतात.

अर्धस्वयंचलित पिस्तुलात चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. गोळी सुटताना मागे येणारा जोर स्लाईडला किंवा बोल्टला मागे ढकलतो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि स्प्रिंगच्या ताकदीने पुढे जाणारा भाग मॅगझीनमधले पुढचे काडतूस नळीत सरकवतो. दुसऱ्या गोळीसाठी चाप सोडून पुन्हा ओढावाच लागतो. चाप दाबून धरला असताना गोळ्या सुटतच राहिल्या तर ते शस्त्र स्वयंचलित ठरते. हा फरक बारीक दिसला तरी पुढे कायद्याच्या विवेचनात तो फार मोठा होतो.

मराठी इतिहासात या जातीच्या शस्त्राची पहिली ठळक नोंद स्वातंत्र्यचळवळीतली आहे. विनायक दामोदर सावरकरांनी १९०९ साली लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले भारतात पाठवली. त्यांपैकी एकातून २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या.  १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांच्यासह कान्हेरे यांना फाशी देण्यात आली.

क्रीडा-पिस्तुलाची महाराष्ट्रातली परंपरा त्या मानाने अलीकडची, पण भक्कम आहे. मुंबईचे अशोक पंडित यांनी १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत सेंटर फायर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये अनिसा सय्यद यांना सुवर्ण, कोल्हापूरच्या राही सरनोबत यांना रौप्य, आणि दोघींना मिळून जोडीचे सुवर्ण मिळाले. २०१३ साली दक्षिण कोरियातल्या चांगवॉन येथे राही सरनोबत विश्वचषकात सुवर्णपदक जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय पिस्तूल नेमबाज ठरल्या. २०१४ मध्ये ग्लासगोला त्यांनी राष्ट्रकुलचे वैयक्तिक सुवर्ण घेतले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगच्या रेंजवर अंतिम फेरीत थायलंडच्या नेमबाजाशी ३४ गुणांची बरोबरी झाली आणि शूट-ऑफमध्ये राही सरनोबत यांनी बाजी मारली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

मूठ इतकी महत्त्वाची का, हे २५ मीटर पिस्तूल या प्रकाराची रचना पाहिली की कळते. शस्त्र .२२ बोअरचे, अर्धस्वयंचलित आणि एका हाताने धरायचे. एकूण साठ गोळ्या असतात. पहिल्या तीस अचूकतेच्या. तिथे पाच गोळ्यांना पाच मिनिटे मिळतात आणि दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे असते. पुढच्या तीस शीघ्र टप्प्याच्या. त्यात लक्ष्य तीन सेकंदच समोर राहते आणि सात सेकंद दूर होते. नेमबाजाचा हात प्रत्येक वेळी खाली, ४५ अंशांच्या तयारीच्या स्थितीत असतो. लक्ष्य दिसताच हात उचलायचा, साईट (नेम धरायची खूण) जुळवायची, चाप ओढायचा आणि हात परत खाली न्यायचा. तीन सेकंदांत साईट शोधत बसायला वेळ नसतो. हात वर येताक्षणी पुढची साईट मागच्या साईटच्या खाचेत आपोआप उभी राहायला हवी. ती डावीकडे किंवा उजवीकडे पडत असेल तर मनगट वळवून भागत नाही. वळवलेले मनगट पहिल्या दोन-तीन गोळ्यांना साथ देते आणि नंतर थकते. अशा वेळी मूठच बदलावी लागते.

हे काम चालते कसे? क्रीडा-पिस्तुलाची मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते आणि ती लहान, मध्यम, मोठ्या अशा ठरावीक मापांत, उजव्या किंवा डाव्या हातासाठी मिळते. जर्मनीतील रिंक, स्वित्झर्लंडमधील मोरिनी यांसारख्या मुठी जगभर नावाजलेल्या आहेत. पण कुठलीही तयार मूठ पहिल्या दिवशी पूर्ण बसत नाही. म्हणून आधी दोष शोधायचा. तळहाताला खडूची पूड लावून मूठ नेहमीसारखी धरली की लाकडावर जिथे पांढरे उमटते तिथे हात टेकतो, आणि जिथे लाकूड कोरे राहते तिथे पोकळी असते. डोळे मिटून हात उचलायचा, मग डोळे उघडून साईट कुठे पडली ते पाहायचे, ही दुसरी चाचणी. ही पाहणी रिकाम्या शस्त्राने आणि सुरक्षित दिशेलाच करतात. काडतुसे त्या खोलीतसुद्धा ठेवत नाहीत.

दोष कळला की दोन मार्ग उरतात : लाकूड काढणे किंवा भर घालणे. काढायचे असेल तिथे अर्धगोल कानस, आतल्या वळणासाठी गोल कानस आणि शेवटी पॉलिश पेपर. भर घालायची असेल तिथे लाकडाची पुट्टी किंवा दोन घटक मळून तयार होणारी इपॉक्सी लांबी. नळगळतीसाठी घरोघरी वापरले जाणारे एम-सील अनेक होतकरू नेमबाजांच्या मुठीवर दिसते ते याचमुळे. ओली लांबी लावून तिच्यावर हात दाबून धरला की तळहाताचा ठसा जसाच्या तसा उमटतो. मात्र जिथे हात सैल पडतो तिथे ठसाही सैलच राहतो, म्हणून सुकल्यावर पुन्हा खडू आणि पुन्हा कानस असा क्रम अनेक दिवस चालतो. अनुभवी प्रशिक्षक एका बैठकीत फार लाकूड काढू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. काढलेले लाकूड परत येत नाही, आणि आज बोचणारी जागा उद्याच्या सरावात बोचेलच असे नाही.

सगळ्यांत नाजूक जागा दोन. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या वरच्या वळणात जितकी खोल आणि सरळ बसेल तितकी नळी हाताच्या जवळ येते आणि झटक्याने पिस्तुलाचे तोंड वर उडण्याचे प्रमाण कमी होते. दुसरी जागा चापाच्या बोटाची. तर्जनी लाकडाला घासली तर चाप ओढताना ती मूठही ढकलते आणि गोळी बाजूला जाते. त्यामुळे त्या बोटाखालचे लाकूड मोकळे करतात, चापावर बोटाच्या पहिल्या पेराचा मध्य सरळ मागे दाब देईल असे. मधले बोट आणि अनामिका मूठ धरतात. करंगळीला फारसे काम नसते, आणि तिने जोर लावला तर साईट खाली झुकते.

आकार ठरला की पृष्ठभागाची पाळी येते. घामाने मूठ निसटू नये म्हणून टोच्याने बारीक, दाट ठिपके पाडतात. भरलेल्या लांबीचा भाग लाकडासारखा दिसावा एवढ्यासाठी रंग देणारेही आहेत, पण गुळगुळीत व्हार्निश नको. लाकडाला जवसाचे तेल पातळ हाताने, थर वाळू देत देत लावले की ते ओलावा धरत नाही आणि पकडही टिकते. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. त्या पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

मूठ मनाला येईल तशी मात्र घडवता येत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार २५ मीटर प्रकारातले पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे, वजन १,४०० ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि चापाचा दाब किमान १,००० ग्रॅम हवा. मुठीचा कोणताही भाग हाताला वेढा घालणारा नको आणि मनगट मोकळे दिसले पाहिजे. तळहाताच्या कडेला आधार देणारी फळी मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करणारी नको. घरी हौसेने भर घातलेली मूठ स्पर्धेच्या दिवशी पेटीत अडकली तर खेळाडूला तिथल्या तिथे कानस चालवावी लागते. म्हणून पुठ्ठ्याची पेटी करून घरीच माप घ्यावे. मुठीला चिकट द्रव्य लावण्यासही मनाई आहे.

धातूच्या पृष्ठलेपनाचा विषय वेगळा आहे. पोलादी भागांवर दिसणारा काळसर निळा रंग हा रंग नसून लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा, म्हणजे मॅग्नेटाइटचा अत्यंत पातळ थर असतो. गंज हेही लोहाचे ऑक्साइडच, पण तांबडे, सच्छिद्र आणि पसरत जाणारे. काळा थर घट्ट बसतो, तरी एकटा गंज रोखू शकत नाही. त्याने धरून ठेवलेले तेल गंज रोखते. कारखान्यात हा थर कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंश सेल्सिअस तापलेल्या द्रावणात चढवतात. त्यात पाण्याचा थेंब पडला तरी ते उसळून अंगावर येते. ॲल्युमिनिअमचा भाग चुकून त्यात गेला तर तो विरघळू लागतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. आधुनिक क्रीडा-पिस्तुलांत ॲल्युमिनिअम मिश्रधातूचे भाग सर्रास असतात आणि त्यांना ॲनोडायझिंग केलेले असते, हे लक्षात घेता घरच्या शेगडीवर हा उद्योग करणे निखालस धोक्याचे आहे. बाटलीतून मिळणारी थंड काळी द्रावणे ओरखडे झाकतात, पण फार टिकत नाहीत आणि त्यांतल्या अनेकांत विषारी सेलेनिअमची संयुगे असतात. पावसाळ्यात कोल्हापूर-मुंबईकडच्या दमट हवेत सरावानंतर घामाचे हात पुसून नळी स्वच्छ करणे आणि धातूवर तेलाचा हलका हात फिरवणे हेच लेप टिकवण्याचे खरे साधन.

चाप-यंत्रणा उघडून तिच्या कडा घासणे हे तर कोणीही घरी करू नये. क्रीडा-पिस्तुलांत चापाची जागा आणि दाब ठरावीक स्क्रूंनी मर्यादेत बदलता येतो. खेळाडूचा अधिकार तिथे संपतो. यंत्रणेतली कड झिजली की दाब १,००० ग्रॅमच्या खाली येऊन खेळाडू बाद होतो. त्याहून वाईट म्हणजे पिस्तूल एका ओढीत दोन गोळ्या सोडू शकते.

शस्त्र अधिनियम, १९५९ या सगळ्याला चौकट घालतो. कलम ५ नुसार शस्त्र तयार करणे, बदलणे, दुरुस्त करणे आणि त्याची चाचणी घेणे यांसाठी स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही. नळी आखूड करणे किंवा नकली शस्त्राचे खऱ्यात रूपांतर करणे यांवर कलम ६ चे बंधन आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका वर्गाचे शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलण्यालाही ते लागू झाले. स्वयंचलित शस्त्र हे निषिद्ध शस्त्र असते. पृष्ठलेपनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम ८ : शस्त्रावरचे निर्मात्याचे नाव, क्रमांक किंवा ओळखखूण पुसणे, काढणे वा बदलणे हा गुन्हा आहे, आणि असे शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच खूण पुसली असे, उलट सिद्ध होईपर्यंत, मानले जाते. नवा लेप चढवण्यापूर्वी धातू घासून काढला जातो, आणि नेमक्या याच वेळी कोरलेला क्रमांक उथळ होतो. हौसेने केलेले पॉलिश माणसाला आरोपी करू शकते, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी माहीत नाही.

क्रीडा नेमबाजीच्या बाहेर, परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीच्या धरणाकाठी वसलेल्या येलदरीसारख्या गावात परवान्याचे शस्त्र असलेल्या माणसाला हा कायदा तितकाच लागू आहे. त्याचा परवाना देणारा अधिकारी म्हणजे परभणीचे जिल्हादंडाधिकारी. पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. पिस्तूल त्या तरतुदीत येत नाही. २०१९ पासून परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. दुरुस्तीसाठी शस्त्र दुसऱ्याच्या हाती द्यायचे असेल तर परवानाधारकाने सोबत असावे किंवा लेखी अधिकार द्यावा, असे कलम ३ सांगते.

वडिलोपार्जित पिस्तूल गंजले म्हणून ते पॉलिश पेपरने घासायला घेऊ नये. ते रिकामे असल्याची खात्री करावी, तेलाचा हात फिरवावा, परवान्यावरचा क्रमांक शस्त्रावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि पुढचे काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच द्यावे.