सुताराची खरवडपट्टी आणि लांकडाच्या पृष्ठाचा पुरावा

सुतारकामाच्या इतिहासांत करवत, रंधा व पटाशी यांचा परामर्श बहुधा घेतला जातो. पण ज्या पोलादी पट्टीनें लांकूड अखेरीस खरवडून साफ होतें, तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. या पट्टीसंबंधीं पुरावा कोठें शोधावा आणि तो कसा नष्ट होतो, एवढ्याच मुद्द्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम हत्याराचें स्वरूप पाहूं. ही पट्टी म्हणजे सुमारें ६ इंच लांब, २॥ इंच रुंद आणि इंचाच्या ३२ व्या हिश्शाइतका जाड असा साधा पत्रा होय. त्यास मूठ नाहीं, दांते नाहींत, आणि प्रथमदर्शनीं धारही दिसत नाहीं. धार लावण्याची रीत अशी: पत्र्याची कड कानशीनें सरळ व काटकोनांत घासावी, मग कड आणि दोन्ही बाजू तेलाच्या दगडावर गुळगुळीत कराव्या. नंतर पत्र्याहून कठीण अशी झिलईदार पोलादी कांब बाजूवर सपाट दाबून ओढावी, आणि शेवटीं तीच कांब कडेवरून, काटकोनापासून पांचदहा अंश कलती धरून, दाबून फिरवावी. त्यामुळें कडेचें पोलाद बाहेर वळून एक अतिसूक्ष्म आंकडा तयार होतो. तो नखास लागतो, डोळ्यांस मात्र जेमतेम दिसतो. हा आंकडा हीच या हत्याराची धार. पट्टी दोन्ही हातांत धरून, अंगठ्यांनीं मध्यें किंचित् वांकवून व पुढें झुकवून ढकलली असतां लांकडाचीं तलम सालपटें निघतात. सालपटांऐवजीं नुसता भुगा पडूं लागला कीं आंकडा गेला असें समजावें. काम चालूं असतां पत्रा इतका तापतो कीं अंगठे पोळतात.

फार कठीण पोलाद असें वळत नाहीं, आणि मऊ पोलादाचा आंकडा टिकत नाहीं. करवतीचें पोलाद या दोहोंच्या मध्यें बसतें. म्हणून मोडक्या करवतीचा तुकडा कापून पट्टी करण्याची चाल कारागिरांत आहे. यांतून इतिहासाच्या दृष्टीनें दोन गोष्टी निष्पन्न होतात. घरींच केलेल्या अशा तुकड्यावर कारखान्याची मुद्रा नसते, आणि त्याची धार तर कामाबरोबर झिजून जाते. तेव्हां केवळ जुन्या हत्यारांच्या संग्रहावरून या पट्टीचा इतिहास उभा राहणार नाहीं.

लेखी आधार मिळतो तो पॅरिसच्या आंद्रे-जाकोब रूबो याच्या ग्रंथांत. रूबो (१७३९–१७९१) हा सुताराचा मुलगा व स्वतः सुतार. सुतारकलेवरील त्याचा विस्तृत ग्रंथ तेथील राजकीय विज्ञान-अकादमीच्या हस्तोद्योगमालेंत इ. स. १७६९ पासून भागशः प्रसिद्ध झाला. पैकीं १७७४ चा भाग 'एबेनिस्त', म्हणजे लांकडी जडावाचें काम करणारे सुतार, यांच्या कलेविषयीं आहे. पृष्ठ साफ करण्याचा क्रम त्यांत सांगितला आहे: रंध्यानंतर पट्टी, पट्टीनंतर मुशीचें खरखरीत कातडें व अश्वपुच्छ नांवाच्या वनस्पतीचे काडे, आणि शेवटीं मेण.

या क्रमांत पट्टीस स्थान कां मिळालें हें त्या काळचें काम पाहिलें म्हणजे कळतें. पंधराव्या लुईसाठीं ओबेन यानें १७६० सालीं आरंभिलेलें आणि रीझनेर यानें १७६९ सालीं पुरें केलेलें मेज व्हर्सायच्या राजवाड्यांत आहे. तशा कामांत निरनिराळ्या लांकडांचे पातळ पापुद्रे जोडून चित्रें साधीत. प्रत्येक तुकड्याचे तंतू वेगळ्या दिशेस जात असल्यामुळें रंधा कोठें ना कोठें उलट पडून तंतू उपटतो. पट्टीचा सूक्ष्म आंकडा ते न उपटतां कापतो.

काचकागद आल्याबरोबर पट्टी लुप्त झाली, असा एक समज आहे. तो टिकत नाहीं. अमेरिकेंत आयझॅक फिशर यास काचकागदाच्या कृतीचीं पेटंटें १८३४ सालीं मिळालीं. पण त्याच देशांत १८५५ सालीं लेनर्ड बेली यानें खरवडण्याचें पातें बसविलेल्या रंध्याचें पेटंट घेतलें, आणि तशीं हत्यारें विसाव्या शतकांतही कारखान्यांत होत होतीं. तात्पर्य, नवें साधन निघालें एवढ्यावरून जुनें संपलें असें अनुमान करूं नये.

या निष्कर्षाचा उपयोग पुरावा वाचतांना होतो. काचकागदाचे कण लांकडावर बारीक चरे ओढतात. पट्टी कापते, आणि पुष्कळदां उथळ लाटा मागें ठेवते. तिरप्या उजेडांत हा भेद दिसूं शकतो. मात्र पट्टीच्या खुणा दिसल्या म्हणून तें पृष्ठ अठराव्या शतकांतील, असें ठरत नाहीं. त्या मागाहून दुरुस्ती करणाऱ्याच्याही असूं शकतील.

खरा धोका येथेंच आहे. जुनें रोगण काढून मूळ रंग उजळावा म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांनीं जडावाचीं पृष्ठें पुनः खरवडल्याचीं उदाहरणें आहेत. वरचा विटका थर गेला कीं आंतला रंग खुलतो. परंतु पापुद्रा तितका पातळ होतो, आणि पानांच्या शिरा, फुलांच्या छाया दाखविणाऱ्या कोरींव रेषा पुसट होतात किंवा अजिबात जातात. ताम्रपट चकचकीत दिसावा म्हणून अक्षरांवरून कानस फिरविण्यासारखेंच हें आहे. ज्या हत्यारानें पृष्ठ घडविलें तेंच त्याची साक्ष पुसून टाकतें. म्हणून जुन्या सामानावर पट्टी चालविण्यापूर्वीं पृष्ठाचीं तिरप्या उजेडांत छायाचित्रें घ्यावीं, शक्य तेथें पापुद्र्याची जाडी मोजून नोंदावी, आणि खरवडल्यावांचून भागत असेल तर खरवडूं नये. सुतारानें आपल्या कामाची हकीकत क्वचितच लिहून ठेविली. ती त्या पृष्ठावरच आहे, आणि तिची दुसरी प्रत नाहीं.