आधी पडलं की आधी जळलं?

१८ एप्रिल १९०६. बुधवार, पहाटेचे ५ वाजून १२ मिनिटं. सॅन फ्रान्सिस्को शहर जेमतेम मिनिटभर हललं. आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत तिथल्या काही लोकांनी स्वतःच्या घराला स्वतःच काडी लावली!

ऐकायला वेडगळ वाटतं, पण ही ऐकीव गप्प नाही. अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरचे कॅप्टन लिओनार्ड वाइल्डमन यांनी आपल्या अहवालात लिहून ठेवलंय. त्यांना वाटेत आगीच्या बंबावरच्या एका माणसाने थांबवलं आणि सांगितलं की या भागातले लोक आपापली घरं पेटवतायत. कारण काय, तर भूकंपाने मोडलेल्या घराचे विम्याचे पैसे मिळणार नाहीत, जळलेल्या घराचे मिळतील, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

कोणीतरी सांगितलं होतं ते मोठ्या प्रमाणात खरंही होतं. विमा कंपनीने हात वर केले म्हणून वैतागलेला ग्राहक आपण सगळ्यांनीच पाहिलाय. ऑफिसच्या कँटीनमध्ये आठवड्याला एक तरी किस्सा असतो. पण या वैतागाचं मूळ शोधायचं तर या १९०६ च्या गोष्टीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. म्हणून आज तीच.

आधी पार्श्वभूमी. शहराची वस्ती साधारण ४ लाख. भूकंप मोठा होता, सुमारे ७.९ तीव्रतेचा. पण शहराचा खरा घास घेतला तो आगीने. गॅसचे नळ फुटले, चुली आणि कंदील उलटले. हेज व्हॅली भागात एका घरात सकाळचा नाश्ता करायला चूल पेटवली, धुराडं भूकंपाने तडकलेलं होतं, आणि त्यातून जी आग लागली ती पुढे पसरतच गेली. त्या आगीला लोक आजही 'हॅम अँड एग्ज फायर' म्हणतात. विझवायला जावं तर जमिनीखालचे पाण्याचे नळ तुटलेले. अग्निशमन दलाचे प्रमुख डेनिस सलिव्हन भूकंपातच जबर जखमी झाले आणि चार दिवसांनी वारले. आग अडवण्यासाठी सैन्याने इमारती सुरुंगाने उडवल्या, त्यातून काही ठिकाणी नव्याच आगी लागल्या. शेवटी २८ हजारांच्या आसपास इमारती गेल्या आणि सव्वादोन लाखांच्या वर लोक उघड्यावर आले. म्हणजे अर्ध्याहून जास्त शहर.

आता विम्याकडे येऊ. लोकांकडे आगीचा विमा होता. भूकंपाचा विमा जवळजवळ कोणाकडेच नव्हता. तुम्ही म्हणाल, मग काय अडचण? घर जळलं ना, द्या पैसे! पण पॉलिसीच्या बारीक अक्षरांत एक कलम होतं. इमारत किंवा तिचा कुठलाही भाग आगीखेरीज दुसऱ्या कारणाने पडला, तर त्या इमारतीचा आणि आतल्या सामानाचा विमा त्याच क्षणी संपला. याला 'फॉलन बिल्डिंग क्लॉज' म्हणत. कंपनीच्या बाजूने बघितलं तर यात अगदीच तथ्य नाही असं नाही. प्रीमियम ठरवला तो धड उभ्या असलेल्या घराचा. लाकडाचा ढिगारा उभ्या घरापेक्षा वेगळा जळतो.

पण आता त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याच्या घराची आता फक्त राख उरलीये. कंपनीचा माणूस विचारतो, "तुमचं घर आधी पडलं की आधी जळलं?"

प्रोग्रामर मंडळींना हे ओळखीचं वाटेल. दोन घटना, निकाल अवलंबून आहे तो कुठली आधी घडली यावर, आणि लॉग फाइलच जळून गेलेली. शब्दशः जळून गेलेली! लोकांच्या पॉलिसीचे कागद घराबरोबर गेले, कंपन्यांची दफ्तरं त्यांच्या कचेऱ्यांबरोबर गेली. ज्यांचे कागद तिजोरीत होते त्यांच्यातल्या काहींनी तिजोरी थंड व्हायच्या आत घाईने उघडली, आत हवा शिरली आणि डोळ्यांदेखत कागदांनी पेट घेतला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

पुरावा नसला की मग उरते ती घासाघीस. कंपन्यांचे सरळ दोन तट पडले. काहींनी डॉलरला डॉलर दिला. लंडनच्या लॉइड्समधल्या कथबर्ट हीथ यांनी तार करून कळवलं की कलमं काय म्हणतात ते बघत बसू नका, आपल्या सगळ्या ग्राहकांना पूर्ण पैसे द्या. पुढे अमेरिकेत लॉइड्सचं नाव झालं त्यात या तारेचा वाटा मोठा होता. दुसऱ्या तटाने सरसकट पाव रक्कम कापून घ्यायचं ठरवलं. डॉलरमागे ७५ सेंट, म्हणजे तिथल्या बोलीत 'सिक्स बिट्स'. लोकांनी या कंपन्यांचं नावच पाडलं, 'सिक्स-बिट कंपन्या'. काही जर्मन आणि ऑस्ट्रियन कंपन्यांनी तर भूकंपाकडे बोट दाखवून कानांवर हात ठेवले आणि गाशा गुंडाळला.

सॅन फ्रान्सिस्कोची स्वतःची कंपनी 'फायरमन्स फंड'. तिचं ऑफिस जळलं, कागद जळले, आणि देणं निघालं ते गाठीशी होतं त्याहून किती तरी जास्त. तिने बुडायच्या ऐवजी ग्राहकांना काही रक्कम रोख आणि काही स्वतःच्या शेअर्समध्ये दिली. ग्राहकाला कंपनीचा भागीदारच करून टाकलं! आडातच नाही म्हटल्यावर पोहऱ्यात कुठून येणार, पण निदान आड कोरडा आहे हे तिने लपवलं नाही.

एकूण विम्याची रक्कम साधारण २३.५ कोटी डॉलर धरली जाते. यातला मोठा वाटा ब्रिटिश कंपन्यांचा होता. इतकं सोनं लंडनहून अमेरिकेकडे निघालं की १९०६ च्या ऑक्टोबरपर्यंत बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर ६ टक्क्यांवर नेला. १९०७ च्या अमेरिकेतल्या आर्थिक संकटामागच्या कारणांत काही अर्थशास्त्रज्ञ हा भूकंपही धरतात.

थोडं विषयांतर. शहरातल्या व्यापाऱ्यांना आणि पुढाऱ्यांनाही या प्रसंगाचं नाव 'आग' असलेलंच सोयीचं होतं. आग कुठल्याही शहरात लागते, भूकंप मात्र गिऱ्हाइकाला पळवून लावतो. बरीच वर्षं तिथे 'द ग्रेट फायर' असंच म्हटलं जाई. मृतांचा अधिकृत आकडाही पाचशेच्या आत राहिला. ग्लॅडिस हॅन्सन या ग्रंथपाल बाईंनी पुढे वर्षानुवर्षं नोंदी चाळून तो तीन हजारांच्या वर असल्याचं दाखवलं. म्हणजे कारणाचं नाव काय द्यायचं यात प्रत्येकाचा काही ना काही हिशोब होता.

आपल्याकडेही हा प्रश्न येऊन गेलाय. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोटीला आग लागली. बोटीत कापसाच्या गाठी आणि युद्धाचा दारूगोळा एकत्र. आगीतून स्फोट, स्फोटातून पुन्हा आगी. मग साध्या आगीच्या पॉलिसीत हे बसतं का? शेवटी सरकारलाच त्याच वर्षी वटहुकूम काढून भरपाईची व्यवस्था करावी लागली.

आता शंभर वर्षं पुढे येऊ. २९ ऑगस्ट २००५, कतरिना वादळ. मिसिसिपीच्या किनाऱ्यावरच्या लोकांकडे घराचा विमा होता, तो वाऱ्याने झालेलं नुकसान देणारा. पूर मात्र त्यात नव्हता. पुराचा विमा वेगळा, १९६८ पासून अमेरिकेचं केंद्र सरकार चालवतं, आणि घराच्या इमारतीसाठी त्याची मर्यादा अडीच लाख डॉलर. वादळात आधी वारा आला, मग समुद्र आत शिरला. सकाळी किनाऱ्यावर उरले ते नुसते काँक्रीटचे चौथरे. प्रश्न पुन्हा तोच. वाऱ्याने गेलं की पाण्याने? सिनेटर ट्रेंट लॉट यांचं पॅस्कागूलामधलं घर असंच गेलं आणि एवढ्या वजनदार माणसालाही स्टेट फार्म या विमा कंपनीवर दावा लावावा लागला. २००७ मध्ये त्यांची तडजोड झाली.

आणि गंमत (गंमत कसली म्हणा) पुढेच आहे. १९०६ मध्ये ग्राहकांनी भूकंपाचं नुकसान आगीचं करून दाखवलं होतं. इथे उलटं झालं. बिलॉक्सीमधल्या एका घराच्या खटल्यात २०१३ मध्ये ज्यूरीने ठरवलं की स्टेट फार्मने वाऱ्याचं नुकसान पुराच्या नावावर दाखवून सरकारी पूर-विम्याला खोटा दावा केला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा निकाल कायम राहिला. चौकटीच्या दोन्ही बाजूंना बसलेली माणसं शेवटी सारखीच.

मग यातून सुटका कशी होते? मला वाटतं, उत्तर कारण शोधण्यात नाहीच. राखेवरून किंवा चौथऱ्यावरून कोणालाच काही ठामपणे सांगता येत नाही. खरा प्रश्न असतो, "माहीत नाही" या उत्तराची किंमत कोणी मोजायची? आपल्या भाषेत, डीफॉल्ट व्हॅल्यू काय? न्यायालयांनी याचं उत्तर हळूहळू ग्राहकाच्या बाजूने दिलंय. कलम संदिग्ध असेल तर ज्याने लिहिलं त्याच्या विरुद्ध वाचायचं. वगळलेल्या कारणाने नुकसान झालं असं कंपनी म्हणत असेल तर ते कंपनीने सिद्ध करायचं. मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं की वाऱ्याने जे आधीच मोडलं, त्याची भरपाई मागून आलेल्या पाण्याने वाहून जात नाही. कॅलिफोर्नियात आज भूकंपाचा विमा वेगळा घ्यावा लागतो, पण भूकंपानंतर लागलेली आग साध्या घरविम्यातच धरली जाते.

भारतात १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्यात आग, स्फोट, भूकंप, वादळ, पूर सगळं एकत्र आहे. म्हणजे "आधी काय?" हा वाद बराचसा उद्भवतच नाही. इतका साधा उपाय, पण घर घेताना टाइल्सचा रंग ठरवायला आपण चार शनिवार घालवतो आणि हे कोणी विचारतही नाही.

तेव्हा या वीकेन्डला दोन कामं करा. पॉलिसी काढून 'एक्सक्लूजन्स'चं पान वाचा. परदेशात असाल तर त्यात 'इन एनी सीक्वेन्स' हे तीन शब्द आहेत का ते खास बघा. "आधी काय, नंतर काय" हा तुमचा मुद्दा आधीच खोडून ठेवायला ते घातलेले असतात. आणि घराचे, सामानाचे, छताचे फोटो काढून घराबाहेर कुठेतरी ठेवा. तिजोरीत नको.